पावनं झोपलं तो हिवाळा

मागच्या आठवड्यात एकदा पहिल्या पाळीला निघाले तेव्हा तुर्भ्याच्या बाजूचा धूर वर चढत नव्हता. चिमण्यांमधून निघून तो तिथंच गोदामांच्या पत्र्यांवर बसून राहिला होता. आमच्या कोपरखैरण्यात थंडी आल्याची खूण एवढीच. स्वेटर लोक हौसेनं घालतात. दुपारी घरी आले आणि काचेच्या पेटीत बघितलं, तर सकाळी ठेवलेला शेवग्याचा पाला कडेनं वळून सुकलेला. लाल भोपळ्याच्या किसाला तोंड लावलेलं नाही. आणि पावनं कोपऱ्यातल्या लाकडाखाली अर्धं शिरून, एक डोळा मिटून, दुसऱ्यानं माझ्यावर नजर ठेवून होतं.

थंडी आली की मी संशयी होते. तशी बाराही महिने असते, पण थंडीत जास्त.

पावनं म्हणजे आमचा सरडा. बिअर्डेड ड्रॅगन म्हणतात त्याला, मूळचा ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातला, पण हा इथंच कुणाच्या तरी पिंजऱ्यात जन्मलेला. वाळक्या गवताच्या रंगाचा, कोपरापासून बोटांपर्यंत भरेल एवढा लांब, गळ्याखाली काटेरी खवल्यांची दाढी. राग आला की दाढी फुगवून काळी करतो. मी त्याला इंग्रजी नाव ठेवलं होतं. ते घरात कुणी एकदाही उच्चारलं नाही, म्हणून आता मीही विसरले आहे.

संशय आमच्या घरात वरून खाली आलेला आहे. आप्पा, म्हणजे माझे वडील, कांदा-बटाटा मार्केटला माथाडी होते. जावळीतून आले आणि गोणीखाली मान घातली ती निवृत्त होईपर्यंत. गोणीच्या तोंडाशी निवडलेला कांदा आणि तळाला सडका, हा प्रकार त्यांनी इतका बघितलाय, की घरात येणारी कुठलीही वस्तू ते वरून बघतच नाहीत. तांदूळ आला की कोपरापर्यंत हात आत. चादर घेतली की आधी उलटी बाजू. माझ्या चुलत बहिणीला बघायला स्थळ आलं, तेव्हा आप्पा मुलाशी दोन शब्द बोलले आणि उठून बाहेर गेले. पाहुण्यांच्या गाडीच्या ड्रायव्हरशी तंबाखू मळत बसले. ते स्थळ आम्ही केलं नाही.

मीही काही वेगळी निघाले नाही. आमच्या अख्ख्या भावकीत कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बी.एस्सी. झाले, आणि नोकरी धरली ती तुर्भ्याला मसाल्याच्या कारखान्यात, क्वालिटी कंट्रोलला. दिवसभर मिरची पावडरीत रंग शोधते, हळदीत हळद सोडून आणखी काय काय पिवळं आहे ते शोधते. पोत्यात सळई खुपसायची आणि तळातला माल काढायचा. आप्पा हात घालायचे, मी सळई घालते. पदवीनं एवढाच फरक पडला असं कुणाला म्हणायचं असेल तर म्हणू दे. सळईनंतर रिपोर्ट निघतो आणि रिपोर्टखाली माझी सही असते.

नोकरी लागल्यापासून पगारातून जे आलं ते कामाचं आलं. फ्रिज, मिक्सर, आप्पांसाठी लोखंडी कॉट, वरच्या खोलीचा पत्रा. बिनकामाची अशी एकही वस्तू मी घेतली नव्हती. कॉलेजच्या लॅबमध्ये बरणीत एक सरडा होता, औषधात बुडून पांढरा पडलेला, पाय छातीशी घेतलेला. त्याचं शास्त्रीय नाव मला पाठ होतं. आणि आमच्या मागच्या भिंतीवर जिवंत सरडा यायचा, त्याच्यावर आई झाडू उगारायची. मला दोन्ही पटलं नव्हतं. मग एका वर्षी दिवाळीच्या आसपास एका दुकानात माशांच्या टाक्यांपलीकडे हा बसलेला दिसला. मान तिरकी करून त्यानं माझ्याकडे बघितलं. ही बाई कोण, हिचा हेतू काय, असं. मला वाटलं, हा आमच्याच घरचा आहे.

तरी लगेच नाही घेतला. निरनिराळ्या वेळी जाऊन बघून आले. गिऱ्हाईक नसतानाही हलतो का, खातो का. दुकानदार म्हणाला, "मॅडम, एकदम ॲक्टिव्ह पीस आहे. मेंटेनन्स काहीच नाही. कुत्र्यासारखा ओळखतो." त्यातल्या एकाही वाक्यावर माझा विश्वास बसला नाही. मी त्याला हातावर उलटा करून बघितला. पोट, तोंडाच्या कडा, प्रत्येक बोट, शेपटीचा खालचा भाग. दुकानदार म्हणाला, "मॅडम, लग्नाला मुलगी बघताय का?" मी म्हटलं, "कागद काढा." कागद त्याच्याकडे होते. मला जरा वाईटच वाटलं.

खोक्याला भोकं पाडून रिक्षात मांडीवर घेऊन बसले. रिक्षावाल्यानं आरशात बघून विचारलं, "केक है क्या, ताई?" मी म्हटलं, हो. रस्ताभर तो केक आतून नखांनी पुठ्ठा खरवडत होता आणि रिक्षावाला आरशातून माझ्याकडे बघत होता.

घरी आईनं खोकं उघडलं आणि मागे सरली. "आगं बया, सरडं?"

"पाळायला आणलाय."

"कुनी दिलं?"

"विकत घेतलाय, आई."

"इकत? सरडं?" आईनं माझ्या चेहऱ्याकडे नीट बघून घेतलं. "सोने, हे कुनीतरी दिल्यालं हाय. नाव सांग. मी काय म्हननार न्हाई."

तिची खात्रीच होती, की एखादा मुलगा असल्याशिवाय शहाणी पोरगी सरडा घेऊन घरी येत नाही. पुढे कितीतरी दिवस माझा फोन वाजला की ती भाजी चिरायची थांबायची.

आप्पा कॉटवर उठून बसले होते. त्यांनी एवढंच विचारलं, "उलटं करून बघितलंस का?"

"बघितलं."

"मग ठीक हाय. पावनं ऱ्हानार किती दिस?"

"नीट सांभाळला तर दहा वर्षं जगतो म्हणतात."

आप्पांनी वाकून खोक्यात बघितलं. "मंग पावनं कसलं," म्हणाले, "घरजावई हाय ह्यो."

पण नाव पावनंच पडलं. पावनं उठलं का, पावनं जेवलं का. आमच्याकडे पाहुण्याला मान देतात आणि पाहुण्यावर नजरही ठेवतात. दोन्ही एकाच वेळी, एकाच डोळ्यानं.

बाहेरच्या खोलीत, आप्पांच्या कॉटसमोर, पेटी बसली. वर ऊब देणारा दिवा, शेजारी उन्हाचं काम करणारी नळी. त्या उजेडाखाली पावनं विटेवर चढून, तोंड उघडून, तासन्तास बसून राही. आप्पा म्हणत, "जांभई बी मिटत न्हाई ह्येची." गव्हाच्या कोंड्यात अळ्या पाळायच्या होत्या, त्यासाठी मी आईचा एक स्टीलचा डबा घेतला. तो तिनं एका सकाळी रव्याचा समजून उघडला. तिनं झाकण लावलं, डबा उचलून माझ्या उशीपाशी नेऊन ठेवला. त्यानंतर माझ्या हातचं कुठलंही पीठ तिनं चाळल्याशिवाय घेतलं नाही. गावाकडे म्हणत की सरडा लांबूनच माणसाचं रक्त ओढतो, म्हणून पेटीसमोरून जाताना ती पदर घट्ट करून जाई. तो दाढी काळी करी. "बघ," ती म्हणे, "माझ्यावर डूख हाय त्येचा."

आमच्या गल्लीत एक तात्या येत, बोनकोड्याचे, जुन्या गावातले. आप्पांशी गप्पा मारायला येत, पण त्या दिवसांत खुर्ची पेटीकडे तोंड करून घेऊ लागले.

"यो घोरपडच हाय गो," ते मला म्हणाले. "तू मना फसवू नुको."

"नाही हो तात्या. घोरपड पाळली तर पोलीस नेतील मला. हा वेगळा. कागद आहेत."

"कागद आसतील. पन याचा तेल गुडघ्याला लय भारी." तात्यांनी स्वतःचा गुडघा चोळला आणि पावन्याकडे बघितलं, बाजारात जिताडा मासा बघतात तसं. "वजन कती भरला?"

त्या दिवसापासून पेटीच्या झाकणाला मी कडी लावली.

ते वर्ष आप्पांच्या निवृत्तीचं. जन्मभर माणूस मध्यरात्री उठून गाड्या उतरवायला गेला आणि दुपारी घरी येऊन झोपला. त्यांच्या अंगरख्याला कांद्याच्या सालीचा वास असे, थंडीत तो जास्त जाणवे, कारण खिडक्या बंद. आता मार्केट सुटलं तरी झोप फिरली नाही. रात्रभर ओट्यावर बसत आणि दुपारी चादर डोक्यावर ओढून झोपत. बोलणं कमी झालं, जेवण कमी झालं. मी दुपारी पाळीवरून यायची, चप्पल हातात घेऊन आत शिरायची आणि कॉटशी थांबून चादर वरखाली होते का ते बघायची. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

आणि त्याच थंडीत पावन्यानं जेवण सोडलं.

आधी पाला राहू लागला, मग अळ्या राहू लागल्या. विटेवर चढणं बंद. लाकडाखालच्या कोपऱ्यात माती उकरून तोंड भिंतीकडे करून पडून राही. हात लावला तर गार. डोळा उघडी, बघी, मिटी. मी सगळ्यांवर संशय घेतला. दुकानदारानं आजारी माल दिला. तात्यांनी काहीतरी चारलं. आईनं डब्यात कीटकनाशक टाकलं. जे मिळेल ते वाचून काढलं. कुणी लिहिलं होतं, हे प्राणी थंडीत झोपतात. कुणी लिहिलं होतं, आजारी पडले तरी असेच दिसतात. वाचलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवायला मी कॉलेजात शिकले. कुणाच्या लिहिण्यावर, ते मात्र कुणी शिकवलं नाही.

एका दुपारी घरी आले आणि सवयीनं दिव्याच्या पत्र्याच्या टोपीला बोट लावलं. गार. बटण चालू होतं, दिवा पेटलेला होता, पण पत्रा गार. म्हणजे दिवसभर बंद होता आणि माझी चाहूल लागल्यावर कुणीतरी लावला. दुसऱ्या दिवशी तसंच.

लॅबमध्ये सॅम्पलच्या बाटलीवर आम्ही कागदाची पट्टी चिकटवतो, अर्धी बुचावर, अर्धी बाटलीवर. कुणी उघडली तर कळतं. मी तशी एक बारीक पट्टी दिव्याच्या बटणावर चिकटवली आणि कामावर गेले. परत आले तर पट्टी जागच्या जागी. जरा तिरकी. मधोमध एक बारीक उंचवटा होता. नखानं उचकटून बघितलं. भाताचं शीत.

कॉलेजचं पुस्तक फाटलं, पत्रिकेचं पाकीट उघडं राहिलं, आमच्या घरात सगळं भातानं चिकटतं. चोर घरचाच होता.

"आई, दिव्याचं बटण कोण बंद करतं?"

आई भाकरी थापत होती. "मी त्येच्या वाऱ्याला उभी ऱ्हात न्हाई."

"पट्टी भातानं चिकटवलीय."

"भात समद्यांनीच खाल्ला," आई म्हणाली आणि कॉटकडे बघितलं.

चादरीखालून आवाज आला. "मी केलं."

"का, आप्पा?"

"झोपलंय ते. झोपल्याल्याच्या तोंडावर बत्ती मारायची, ही काय रीत झाली?"

"तो आपल्यासारखा नाही. त्याला बाहेरून ऊब लागते. नाही मिळाली तर मरेल तो."

"बत्ती हुती तवा तरी कुठं जेवत हुतं?"

हे खरंच होतं, म्हणून राग जास्त आला. आणि त्या रागात सरड्यापेक्षा फार जुनं काहीतरी वर आलं. आप्पा झोपलेले असताना आमच्या घरात दिवा लागत नसे. आई खिडकीवर घोंगडी टाकायची, कुकर लावायची नाही, आम्ही खुणांनी बोलायचो. दहावीचा, बारावीचा आणि पुढे कॉलेजचाही अभ्यास मी जिन्यात बसून केला, वरून उजेड येई तेवढ्यात. थंडीत तो उजेड लवकर जाई. मी पायरी पायरी वर सरकत असे. माझी पदवी त्या जिन्यावर मिळवलेली आहे, आणि तिचा मला अभिमान आहे, पण गुडघ्यांना तो गारवा अजून आठवतो.

मी म्हटलं, "या घरात दिवसा दिवा लावायला मला कधी परवानगी होती?"

आईच्या हातातली भाकरी तशीच राहिली. आप्पांनी चादर तोंडावरून काढली.

"तू जिन्यात बसायचीस," ते म्हणाले.

"हो."

"ठाव हाय मला. पान उलटल्याचा आवाज यायचा."

"तुम्ही झोपलेले असायचात."

"झोप कुठली लागती. आवाज थांबला की वाटायचं, पोरगी अभ्यास सोडून पेंगाय लागली. मंग पान उलटायचं. मंग माझा डोळा लागायचा."

इतकी वर्षं मी दबकत पानं उलटत होते, त्यांना त्रास होऊ नये म्हणून. आणि ते तिकडे पडून माझ्यावर पहारा देत होते. मला एकदम हसू आलं, पण रागही गेला नव्हता, म्हणून मी हसले नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं पावन्याला घेऊन नेरूळला प्राण्यांच्या डॉक्टरकडे गेलो. खोकं आप्पांनी धरलं, वर स्वतःचा मार्केटचा टॉवेल टाकून. डॉक्टर तरुण होते. त्यांनी पोट चाचपलं, तोंड उघडून बघितलं, विष्ठा तपासली. "थंडीतली झोप असू शकते," म्हणाले, "आजारही असू शकतो. आत्ता तरी काही सापडत नाही. वजन बघत राहा. वजन टिकलं तर झोप. घसरलं तर लगेच आणा." मग दिव्याबद्दल म्हणाले, "तपासून न घेता दिवा बंद केलात, ही जोखीम होती. आणि झोपत असेल तर दिवसभर भगभगीत ठेवणंही बरोबर नाही. हळूहळू कमी करा."

बाहेर आल्यावर आप्पा म्हणाले, "दोन्हीकडनं बोलतोय. दलाल हाय."

मग वजनाचा हिवाळा सुरू झाला. एवढा एकच प्रश्न घरात उरला. टिकतंय की घसरतंय. रविवारी मी स्वयंपाकघरातला काटा पुसून ठेवायची, पावन्याला अलगद त्यावर ठेवायची, तो झोपेत पाय पसरून पडायचा. आई लांबून, पदर घट्ट करून बघायची. पहिल्या रविवारी काटा म्हणाला, डॉक्टरकडे भरलं होतं तेवढंच आहे. आप्पांनी पावन्याला तळहातावर घेतलं, हात वरखाली केला आणि मान हलवली.

"हलकं झालंय."

"काटा दाखवतोय ना तेवढंच."

"काटा मारल्याला असंल."

त्यांच्या मार्केटमध्ये काटा मारणं ही रोजची गोष्ट, त्यामुळे मी वाद घातला नाही. लॅबमधलं प्रमाणित वजन विचारून घरी आणलं, त्यांच्यासमोर काट्यावर ठेवलं. आकडा चोख.

आप्पांनी ते पितळी वजन हातात घेऊन उलटं करून बघितलं. "मंग ह्या वजनातच खोट असंल."

आई पहिल्यांदा हसली. पावन्यानं झोपेतच एक डोळा उघडला, आमच्याकडे बघितलं आणि मिटला. त्यालाही काही पटलेलं दिसलं नाही.

पण त्याचं वजन टिकलं. ती थंडी अशीच गेली. दिवा हळूहळू कमी केला, नंतर बंद. खिडकीवर घोंगडी आली. दुपारची मी आत शिरायची तेव्हा खोलीत तोच जुना अंधार असायचा, फक्त आता त्यात झोपणारे दोघं होते. मी आधी लाकडाखाली हात घालायची, तळापर्यंत, बोटांना पोट हललेलं लागेपर्यंत थांबायची. मग कॉटशी.

होळीच्या सुमाराला, मागच्या शेवग्याला फुलं आली तेव्हा, मी एका दुपारी दारातच थबकले. घोंगडी काढलेली. पेटीत दिवा. पावनं विटेवर, धुळीनं माखलेलं, रोडावलेलं वाटत होतं पण मान ताठ. आप्पा समोर उभे होते. त्यांनी मागे न बघता आईला हाक मारली, "आगं, पावनं उठलं. वाढ काहीतरी."

आणि आईनं, जी त्याच्या वाऱ्याला उभी राहत नव्हती, नाकाला पदर लावून अळ्यांचा डबा उघडला. पापड भाजायच्या चिमट्यानं एक अळी उचलून, हात जितका लांब जाईल तितका लांब करून, आत धरली. त्यानं ती घेतली. आई म्हणाली, "खातंय." मग माझ्याकडे वळून, आवाज खाली करून म्हणाली, "आता तरी सांग, कुनी दिलं."

यंदा परत ती वेळ आली आहे. आता मला माहीत आहे, पावनं दर थंडीत झोपतं. डॉक्टरनं तपासलंय, वजन घेतलंय, दिवा उतरवायला सुरुवात केली आहे. माहीत असणं आणि खात्री असणं यात मात्र अंतर राहतंच. या थंडीत झोपेल आणि उठणार नाही, असंही होऊ शकतं. आप्पांची दाढी पूर्ण पांढरी झालीय. तीही या थंडीत मला जास्त पांढरी दिसते.

परवा दुपारी चप्पल हातात घेऊन आत गेले. पावन्याच्या लाकडाखाली हात घातला, तळापर्यंत. थोडा वेळ काहीच लागलं नाही. मग पोट हललं, अगदी सावकाश. हात काढला, बोटांची माती झटकली आणि दबक्या पावलांनी कॉटशी जाऊन उभी राहिले. चादर डोक्यावरून होती. ती वरखाली होते का, मी बघत होते.

"हलतंय," आप्पा चादरीतूनच म्हणाले. "रोज येऊन बघतीस, ठाव हाय मला. जा, जेवून घे. आन् जाताना ती बत्ती घालव."

मी बत्ती घालवली. आणि अंधारात जरा वेळ तिथंच उभी राहिले. म्हटलं, खात्री करून घ्यावी.